साखर इकडं, थायरॉईड तिकडं

अन्याय झाला तो माझ्या आईवर. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता. आई आमच्या हद्दीवरच्या गावच्या सरकारी शाळेत मुलांचा दुपारचा स्वयंपाक करते. त्या वेळी तिनं डाळ शिजायला टाकली होती आणि तांदूळ निवडायला घेतला होता. शाळा कमिटीचे दोघं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नका." आरोप असा, की ती मुलांच्या वाट्याचा गूळ खाते. पुरावा म्हणून त्यांच्या हातात एक छापील पत्रक होतं. त्यातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ मारलेली होती.

ते पत्रक मी लिहिलं होतं.

सोळा वर्षांची होते तेव्हापासून मी वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या गटासाठी पत्रकं लिहिते. बंद पडलेला नळ, न आलेली शिष्यवृत्ती, वस्तीपर्यंत न येणारी बस. लिहायची रीत मला थोरल्या कार्यकर्त्यांनी शिकवली. आधी कुणावर अन्याय झाला ते सांगायचं, मग कधी झाला ते, शेवटी मागणी. मधे पाल्हाळ नको. या रीतीनं आमची बरीच कामं झाली, ते मी नाकारत नाही. पण तिच्यात "मला अजून कळलेलं नाही" असं लिहायला जागा नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही साखरेच्या आजारावर पत्रक काढायचं ठरवलं. आमच्या वस्तीत चाळिशी ओलांडलेलं माणूस असलेल्या घराघरात आता साखरेची गोळी आहे. दसऱ्याला विहारात सगळे जमतात, तेव्हा वाटू म्हटलं. मी तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं: "आपल्याच वस्तीतली एक आई शाळेत लेकरांना जेवू घालते आणि स्वतःला मात्र तिथला गूळ सोडवत नाही. तिची साखर अडीचशेच्या वर गेली. दोष कुणाचा?"

नाव घातलं नव्हतं. पण शाळेच्या स्वयंपाकघरात आमच्या वस्तीतली बाई एकच. ती तिथं उभी राहावी म्हणून आधी दोन पत्रकं निघाली होती, त्यातलं दुसरं माझंच. आई कामाला लागली तेव्हा काही घरांनी मुलांना डबे देऊन पाठवायला सुरुवात केली. आईनं रोज वरण-भात केला, रोज वाढला. तीन वर्षांत डबे बंद झाले. ज्या जागेसाठी एवढं झालं, ती माझ्या एका ओळीनं गेली.

आता मी ते का लिहिलं, ते सांगते. कारण मला खात्री होती.

आईला साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, दर महिन्याला रक्त तपासतात, कार्डावर आकडा लिहितात. पाच वर्षं उपाशीपोटीचा आकडा एकशे तीस-चाळीसच्या आसपास असायचा. मग त्या उन्हाळ्यानंतर तो चढत गेला. एकशे सत्तर, दोनशे दहा, दोनशे साठ. गोळी वाढवली तरी चढतोय. दवाखान्यातल्या सिस्टरनी एकदा मला बाजूला घेतलं आणि कन्नडात म्हणाल्या, "तुझी अम्मा गोड खातेय. आम्हाला रोज असेच लोक भेटतात. घरी लक्ष दे."

मी लक्ष दिलं. घरात आम्ही दोघीच. गुळाच्या डब्याला आतून पेन्सिलीनं खूण केली. आठवडाभर गूळ खुणेच्या खाली गेला नाही. साखरेच्या डब्यातही तसंच. एखाद्या शहाण्या माणसानं यातून अर्थ काढला असता की ती गोड खात नाही. मी अर्थ काढला की ती शाळेत खाते. तिथं अधूनमधून गव्हाची हुग्गी होते, गुळातली, दाट खिरीसारखी. शाळेतून आली की तिला कडकडून भूक लागलेली असायची, आणि तरी ती वाळत चालली होती. भूकही तिच्याविरुद्धचा पुरावा झाली.

मंगळवारी दुपारी ती घरी आली तेव्हा मी ओट्यावर बसून पुढच्या पत्रकाचा मसुदा लिहीत होते. तिनं हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि काय घडलं ते सांगितलं. मी म्हणाले, "आई, खरं सांग. खाल्लंस का?"

"तू लिवलीस की," ती म्हणाली. "छापून बी आलंय. आता मला कामून इचारायलीस?"

एवढंच. रागानं नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि चुलीकडं गेली.

मला त्या वाक्यापेक्षा तो पदर जास्त आठवतो. कारण हवेत गारवा आला होता, शेतात तुरी फुलावर होत्या, सकाळी शाली निघत होत्या, आणि माझी आई घाम पुसत होती.

*

ती घरी बसली त्याचा मला एक फायदा झाला. निर्लज्जपणे सांगते. आता ती दिवसभर माझ्या नजरेसमोर होती. शाळा नाही, हुग्गी नाही. गटाचं साखर मोजायचं यंत्र मी घरी आणलं आणि वही घातली. ती काय खाते, किती खाते, आकडा किती. माझ्या मनात होतं की दहा दिवसांत आकडा उतरेल, मग मी म्हणेन, बघ, मी म्हटलं नव्हतं?

दहा दिवस ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी, शेपू. चहा बिनसाखरेचा. अकराव्या दिवशी आकडा दोनशे चौसष्ट.

मी यंत्र बदललं. शेजारच्या गल्लीतून दुसरं आणलं. दोनशे एकोणसाठ.

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या ओळीची भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा कुतूहल मोठं होतं. ही साखर येतेय कुठून? तोंडातून जात नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग अंगातच कुठं कारखाना निघालाय का? वहीत मी नवे रकाने पाडले. घाम. भूक. झोप. नाडी. नाडी मोजायला मला माझ्या मोबाईलच्या घड्याळापलीकडं काही लागलं नाही. ती भिंतीला टेकून शांत बसलेली असताना मिनिटाला एकशे बारा ठोके. मी माझी मोजली, शहात्तर. तिची परत मोजली.

"काय करायलीस गं सारखं मनगट धरून?" आई म्हणाली. "पळून न्हाई जायली मी."

"तू बसलीयेस, पण तुझं काळीज पळतंय."

"ते कवापासून पळायलंय. तुला आज दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू पत्रक काढली असतीस."

मी वहीत एकशे बारा लिहिलं.

*

दुसऱ्या रविवारी शाळेतल्या मुख्य स्वयंपाकीणबाई घरी आल्या. आईचा स्टीलचा डबा तिथंच राहिला होता, तो द्यायला. आई त्यांना अक्का म्हणते, मीही; त्याही आईला अक्काच म्हणतात. लिंगायत घरच्या, माहेर आळंदकडचं. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात आणि दोन्हीत भांडतात. कपाळाला विभूती, कमरेला पदर खोचलेला. बसायच्या आधीच माझ्याकडं बघून म्हणाल्या, "यव्वा, तूच का ती लिहिणारी? बस, बस. उठू नको. मोठी माणसं तुम्ही, छापता."

"अक्का, चहा घेता?" आई म्हणाली.

"घेते. पण हिच्या हातचा नको, माझ्यावर बी काही लिहील."

मी सरळ विचारलं. आमच्या रीतीत आडून विचारणं बसत नाही. "अक्का, आई तिथं गोड खायची का?"

"हुग्गीचं भांडं कोण खरवडतं? मी. उरलेलं कोण खातं? मी. माझं पोट बघ की." त्यांनी पोटावर हात मारला. "तुझी माय चव बघायला बी मला बोलवायची. गूळ बराबर हाय का बघा, म्हणायची. तिची जीभ गुळाला शिवली न्हाई, चार वर्षं मी बघायलेय."

"मग कमिटीला का नाही सांगितलंत?"

"मला इचारलं का कुणी? त्यांच्याकडं छापलेलं होतं. माझ्याकडं नुसतं तोंड." चहाची बशी त्यांनी हलवून गार केली. "मी तुला दुसरंच सांगायला आलेय. हिचे हात बघितलीस का तू? पळी पातेल्याला टकटक वाजते. आधी अशी न्हवती. आधी तर उलटं. दोन-अडीच वर्षांमागं ही अशी सुस्त, तोंड सुजलेलं, उन्हाळ्यात शाल घेऊन बसायची. म्हणलं हिला झालंय काय. मग ती गळ्याची गोळी चालू झाली, मग बरी झाली. आता यंदा हे घाम न थरथर. एकाच बाईला दोन्ही कसं होईल?"

गळ्याची गोळी. थायरॉईडची. ती मला माहीत होती. रोज सकाळी ती गोळी मीच हातावर ठेवायचे. पण साखरेचा विचार करताना ती माझ्या डोक्यात एकदाही आली नाही, कारण ती दुसऱ्या पिशवीत होती.

हे पिशवीचं बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमचा भाग हद्दीवरचा. राज्य कर्नाटक, बोलणं मराठी, आणि दुखणं आलं की माणूस दोन्हीकडं जातो. साखरेच्या गोळ्या फुकट मिळतात म्हणून सरकारी दवाखाना इकडचा. कार्ड कन्नडात. बाकीच्या दुखण्याला पलीकडं उमरग्याला, कारण तिथल्या डॉक्टरला मराठीतून पोटभर सांगता येतं. त्यांची चिठ्ठी इंग्रजीत, सूचना मराठीत. घराघरात दोन खिळे आणि दोन पिशव्या. इकडची आणि तिकडची. आणि नेम असा, की इकडं जाताना तिकडची पिशवी न्यायची नाही. कुणी केलेला नेम नाही, पण सगळे पाळतात. इकडं तिकडचा कागद दाखवला की ऐकावं लागतं, मग तिकडंच जा की. तिकडं इकडचा दाखवला तर ते कन्नड उलटं-सुलटं धरून बघतात आणि बाजूला ठेवतात. म्हणून कुणीही विचारलं, दुसरी कुठली गोळी चालू आहे का, तर आमच्याकडचं उत्तर ठरलेलं. न्हाई.

अक्का म्हणाल्या, "माझे बी गुडघे इकडं न डोळे तिकडं. काय करता."

त्या गेल्यावर मी दोन्ही पिशव्या उतरवल्या. एक साडीच्या दुकानाची, एक खताच्या कंपनीची. आई म्हणाली, "एकत्र करू नगंस, मग मला सापडत न्हाई." मी चादर अंथरली आणि दोन्ही ओतल्या.

*

मी हायस्कूल कन्नडात शिकले, घरी मराठी वाचते, इंग्रजी रेटून नेते. त्या चादरीवरचे सगळे कागद वाचू शकणारी घरात मी एकटी, आणि सहा वर्षांत मी ते कधी एकत्र वाचले नव्हते. गावभरच्या अर्जांवर मी सह्या गोळा करत फिरत होते.

वहीत एक लांब पट्टा आखला. वर तारखा, खाली दोन ओळी. एक साखरेची, एक थायरॉईडची. थायरॉईडच्या तपासणीत एक आकडा असतो, तो उलटा चालतो. अंगात थायरॉईड कमी पडला की तो वाढतो, जास्त झाला की पडतो. हे मी त्या दिवशी मोबाईलवर वाचून शिकले. आईचा तो आकडा पहिल्यांदा खूप वाढलेला होता. म्हणजे थायरॉईड कमी. ती सुस्ती, सूज, शाल, सगळं त्याचं. डॉक्टरांनी पन्नासची गोळी दिली. पुढच्या तपासणीत थोडा फरक, पण पुरेसा नाही. पंचाहत्तरची दिली. तरी नाही. शेवटी सव्वाशेची. तेवढ्यावर आकडा जागेवर आला, ती बरी झाली. ही तपासणी गेल्या माघातली. त्यानंतर तिकडच्या पिशवीत कागदच नाही. बरं वाटतंय म्हणून कुणी गेलंच नाही.

आणि साखर चढायला लागली ती आषाढापासून. मधे काय झालं?

मधे एक गोष्ट झाली होती, आणि ती मी केली होती.

आई गोळी चहाबरोबर घ्यायची. आमच्याकडं सकाळी चूळ भरली की आधी दुधाचा चहा, त्यातच बुडवून शिळ्या भाकरीचा तुकडा, आणि त्याच घोटाबरोबर सगळ्या गोळ्या. दोन वर्षं तिनं असंच केलं. ज्येष्ठात एकदा मी रिकाम्या बसल्या बसल्या गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. छापलेलं काहीही मी वाचते. त्यात होतं, ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, खाणंपिणं नंतर. मला काय आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मी पहारा सुरू केला. उठल्या उठल्या गोळी आणि पाणी, चहा तासाभरानं. आई कुरकुरली. मी ऐकलं नाही. योग्य तेच करत होते.

योग्यच होतं. पण सव्वाशेचा डोस चहात निम्मा वाया जाणाऱ्या गोळीवरून ठरला होता. मी चहा थांबवला आणि सगळीच्या सगळी गोळी अंगी लागू लागली. ज्या बाईला कमी पडत होतं, तिला आता जास्त होत होतं. पाच महिने, रोज, माझ्या हातानं.

हे मी वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. पत्रकात मी प्रश्नचिन्ह फक्त समोरच्याला कोंडीत पकडायला वापरते. हे तसलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

*

साखरेच्या दवाखान्यात दोन्ही पिशव्या घेऊन जायचं म्हटल्यावर आई बसस्टँडवर थांबली. "तिकडचं कागुद हितं कामून न्यायलीस? वरडतेत."

"ओरडू दे. मला ओरडतील."

"तुझं काय, तुला वरडलेलं आवडतंय."

डॉक्टर तरुण होते, नवीन बदलून आलेले. मी कन्नडात सुरू झाले ती थेट निवेदनाच्या सुरात. माझ्या आईवर खोटा आरोप झालेला आहे, तुमच्या इथून सांगितलं गेलं की ती गोड खाते. त्यांनी हात वर केला. "आधी कागद." मग दोन्ही पिशव्यांतले कागद आणि माझा पट्टा त्यांनी बराच वेळ बघितला. आईला म्हणाले, "अम्मा, हात पुढं करा. सरळ. बोटं पसरा." आणि तिच्या पसरलेल्या बोटांवर त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद अलगद ठेवला.

कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. आईचे हात मला कापताना दिसत नव्हते, पण तो कागद वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

डॉक्टरांनी मग मी विचारेन तितकं समजावलं, आणि मी खूप विचारलं. थायरॉईड म्हणजे अंगातल्या कामाचा वेग. तो जास्त झाला की सगळंच धावतं. काळीज, आतडी, भूक. यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडत राहतं. अन्नातली साखर लवकर रक्तात उतरते. आणि साखरेला आवर घालणारं इन्शुलिन लवकर संपतं. ज्याला मुळात साखरेचा आजार नाही, त्याचं अंग कसंबसं सांभाळून घेतं. ज्याला आहे, त्याचा आकडा चढतो. गोड न खाता.

म्हणजे कारखाना खरंच आत होता.

"आणि थायरॉईड कमी असताना? तेव्हा साखर ठीक होती ना?" मी विचारलं.

"कमी असणंही साखरेला सोपं नाही," ते म्हणाले. "अंग मंदावतं, वजन वाढतं, इन्शुलिन नीट लागू होत नाही. पण तेच इन्शुलिन अंगात रेंगाळतं सुद्धा, त्यामुळं कधीकधी साखर एकदम खाली जाते. कुठल्याही बाजूला गेलं तरी हिशेब बिघडतो. म्हणून एकाची गोळी बदलली की दुसऱ्याचं रक्त तपासायचं. पण मला दुसरी गोळी आहे हे कळलं तर."

ते ओरडले नाहीत. आई मला हळूच म्हणाली, "ह्ये नवीन हाय. शिकंल."

रक्त कलबुर्गीला गेलं. चार दिवसांनी कागद आला. तो उलटा आकडा जवळजवळ शून्यावर पडलेला. थायरॉईड जास्त, बरंच जास्त. आई म्हणाली, मग ती गोळी फेकूनच देते. तसं करायचं नाही, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांनी तिला तीन-तीनदा सांगितलं. गोळी बंद केली तर शाल परत येईल. डोस कमी करायचा, तोही त्यांनी सांगितलेला.

उमरग्याच्या डॉक्टरांकडं मी इकडचं कन्नड कार्ड नेलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते वयस्कर. चष्मा काढून म्हणाले, "चहा बंद केलात ते चांगलं केलंत. मला येऊन सांगायला नको का? दोन महिन्यांत रक्त बघून मीच डोस उतरवला असता. आणि बाई, तुम्हाला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुसरा काही आजार आहे का. तुम्ही काय सांगितलंत?"

"न्हाई म्हनलं," आई म्हणाली.

"का?"

"तुमी छप्पन कागुद लिवायलता. म्हनलं अजून कशाला."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी दोषी शोधत इतक्या लांब आले होते, आणि दर वळणावर एखादं साधं, समजण्यासारखं कारण उभं होतं. एक गोष्ट मी अजून विचारतेय. साखर आणि थायरॉईड एकाच माणसात इतक्यांदा का भेटतात? दोघंही डॉक्टर म्हणाले, भेटतात खरे, एकाच घरातही भेटतात, म्हणून साखरवाल्याचा थायरॉईड एकदा तपासावा. का भेटतात याचं पूर्ण उत्तर मला दोघांनीही दिलं नाही. मी वहीत तो रकाना मोकळा ठेवलाय.

*

डोस उतरला. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही आणि मी यंत्राला शिव्या घातल्या. मग नाडी शंभरच्या आत आली. घाम थांबला. आईनं ब्लाऊजच्या घातलेल्या टिपा उसवल्या. साखर उतरत उतरत एकशे अठ्ठेचाळीसवर आली आणि तिथंच थांबली. आजार गेला नाही, जाणारही नाही. पण जो आकडा मी छापला होता तो तिचा नव्हता.

कमिटीकडं मी वही घेऊन दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा त्यातले एकजण म्हणाले, "तुम्हीच छापता, तुम्हीच नाही म्हणता. आम्ही कुठलं धरायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून जास्त लागला. घरी येऊन मी नवं पत्रक लिहिलं. चार ओळींचं. दसऱ्याच्या पत्रकातला तिसरा परिच्छेद खोटा आहे. तो मी तपास न करता लिहिला. त्या बाईनं गूळ खाल्लेला नाही. तिला कामावर परत घ्या. खाली माझं नाव. विहारात वाटलं, शाळेच्या फाटकावर वाटलं, दोन दुकानांत ठेवलं. जुनं पत्रक लोकांनी घडी घालून जपलं होतं. नव्यात काही जणांनी भजी बांधली.

संक्रांत झाल्यावरच्या सोमवारी कमिटी बसली. आई, मी आणि न बोलावता आलेल्या अक्का. मी बोलायला उठले तर अक्कांनी माझा दंड धरून खाली बसवलं. "यव्वा, तू लई बोललीस." टेबलावर दसऱ्याचं ते पत्रक होतं, रेघ मारलेलं. अक्कांनी ते उचललं आणि आईला म्हणाल्या, "अक्का, त्या डॉक्टरला दाखवलीस तसं हात कर."

आईनं हात पुढं केले. बोटं पसरली. अक्कांनी माझं पत्रक तिच्या बोटांवर ठेवलं. ते पडून राहिलं. कोपरासुद्धा हलला नाही. खोलीत सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि अक्का सांगत होत्या की दसऱ्याला याच हातात पळी कशी वाजत होती, चार वर्षांत या बाईनं गूळ चाखला नाही, आणि आता विचारा मला काय विचारायचं ते.

कुणी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "आता हे कागुद माझ्या हातावरचं काढा. मला डाळ टाकायचीय."

अध्यक्षांनी स्वतः उठून ते काढलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. वाढायची पळी पहिल्याच दिवशी तिच्या हातात होती. तरी मागच्या गल्लीत तिला अजून "गुळाची बाई" म्हणतात. हसत म्हणतात. ती वळून बघत नाही. मी बघते.

म्हणून माझी मागणी कमिटीकडं नाही, दवाखान्याकडं नाही, ती हे वाचणाऱ्या तुमच्याकडं आहे. तुमच्या घरात कुणाची तरी साखर चढलेली असणार. त्या माणसाला काय खाल्लंस म्हणून विचारायच्या आधी उठा. त्याच्या सगळ्या पिशव्या, सगळ्या खिळ्यांवरच्या, इकडच्या आणि तिकडच्या, एका चादरीवर ओता. प्रत्येक गोळी कशासाठी, कधीपासून आणि कशाबरोबर घेतो, ते एका कागदावर लिहा. डोस स्वतः बदलू नका. तो कागद दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि थायरॉईड तपासलाय का ते विचारा. तोवर त्या माणसावर गुळाचा आळ घेऊ नका. आणि माझं दसऱ्याचं पत्रक तुमच्याकडं कुठं घडी घालून ठेवलेलं असेल, तर ते काढा, पेन घ्या, आणि तिसरा परिच्छेद खोडा.